कच्चे काम खोडू देऊ नका: कोल्हापूर जिल्ह्यातील मुख्याध्यापक आणि गणित शिक्षकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक आणि शिक्षक बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त होऊनही आता काही वर्षे उलटली. निवृत्त माणसाने शाळांना पत्रे लिहू नयेत असे माझे स्वतःचेच मत होते, कारण नोकरीत असताना अशी पत्रे आली की आम्ही ती शिक्षक खोलीत चहाबरोबर वाचून बाजूला ठेवत असू. तरीही लिहितो आहे. कारण विषय लहान आहे, त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, आणि माझ्या हातून ती गोष्ट राहून गेली. गणिताच्या उत्तरपत्रिकेत उजव्या बाजूला रेघ मारून कच्च्या कामासाठी आपण जी चिंचोळी पट्टी सोडायला सांगतो, तिच्याविषयी हे पत्र आहे. ती पट्टी मुलांना खोडू देऊ नका आणि पेपर तपासताना ती वाचा, एवढीच विनंती आहे. ती का करतो, हे सांगायला मात्र थोडे लांबून यावे लागेल.

एका वर्षी दहावीच्या सराव परीक्षेत मी एक साधा प्रश्न घातला होता: १ ते ९९ पर्यंतच्या सर्व विषम संख्यांची बेरीज काढा, गुण तीन. अंकगणिती श्रेढीचे सूत्र वापरले की पदे पन्नास, पहिले पद १, सामान्य फरक २, म्हणजे पंचवीस गुणिले शंभर, उत्तर २५००. बहुतेकांनी ते तसेच सोडवले होते. करवीर तालुक्यातल्या एका गावाहून एसटीने येणाऱ्या एका मुलाने मात्र ‘५० × ५० = २५००’ एवढी एकच ओळ लिहिली होती. सूत्र नाही, पायऱ्या नाहीत. मी उत्तराचा एक गुण दिला, पद्धतीचे दोन कापले आणि हा पुढच्या बाकावरचे बघून लिहितो, अशी मनाशी नोंद केली.

गुण निकालपत्रकात चढवून झाल्यावर, तंबी देऊन ठेवावी म्हणून मी त्याला बोलावले. हे कुठून आणलेस म्हणून विचारले, तर तो म्हणाला, “काढलं, सर.” कुठे काढलेस, दाखव, म्हटल्यावर म्हणाला, “खोडलं, सर. लई घाण दिसत हुतं.” मी पत्रिका खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरली. शिशाचा रंग गेला होता, पण पेन्सिलीचा दाब कागदात राहिला होता. उजव्या पट्टीत एक टिंब होते. त्याच्या कोपऱ्याला धरून काटकोनात तीन टिंबे होती, त्या चारांना धरून पाच, मग सात. प्रत्येक थराबरोबर चौकोन पुरा होत होता: एक, चार, नऊ, सोळा. सोळाच्या चौकोनाखाली गिरवून गिरवून काहीतरी लिहिले होते, ते लागत नव्हते. त्याच्या खाली मात्र ‘९९ म्हणजे ५० वी’ एवढे स्पष्ट उमटले होते. विषम संख्या एकामागून एक अशा रचत गेले की चौरसच वाढत जातो, म्हणून पन्नासावा थर बसवला की पन्नास बाय पन्नासचा चौरस होणार. ही रचना प्राचीन ग्रीक गणितात होती, हे मला माहीत होते. त्या मुलाला ती कोणी सांगितली नव्हती. निदान मी तरी नाही.

मी त्याचे गुण बदलले नाहीत. निकालपत्रकावर खाडाखोड केली की कार्यालयातून चौकशी होते, शेरा लिहावा लागतो, सही लागते. त्याने घाण दिसते म्हणून खोडले आणि मी घाण दिसेल म्हणून खोडले नाही. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण हे आहे, आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे.

माणसाचा विचार ही काय चीज आहे, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यातले बरेचसे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पण फळ्यासमोर उभे राहून इतकी वर्षे जे पाहिले त्यावरून एवढे सांगता येते, की प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जे काही घडते, अडखळणे, चुकीच्या वाटेला लागणे, आपण चुकलो हे आपल्याच लक्षात येणे, परत फिरणे, कसलेसे चित्र काढून पाहणे, तोच विचार असतो. उत्तर तयार होते तेव्हा विचाराचे काम संपलेले असते. आपण तपासतो ते उत्तर, आणि जपायला शिकवतो ती स्वच्छता.

इथे मला ब्लेझ पास्कलची आठवण होते. १६२३ साली जन्मलेल्या या फ्रेंच गणितज्ञाचे वडील रूआँ शहरात करवसुलीच्या कामावर होते. त्यांच्या आकडेमोडीचा भार हलका व्हावा म्हणून पास्कलने विशीच्या आतच, १६४२ च्या सुमारास, दातेरी चाकांचे हिशेबाचे यंत्र बनवायला घेतले. एका चाकाचा फेरा पुरा झाला की शेजारचे चाक एक घर पुढे सरके. म्हणजे आपण पहिली-दुसरीच्या मुलांना बोटावर धरायला शिकवतो तो ‘हातचा’ ते यंत्र स्वतःच घेत असे. आणि याच माणसाने पुढे लिहून ठेवले, की माणूस हे निसर्गातले सर्वांत दुबळे लव्हाळे आहे, पण ते विचार करणारे लव्हाळे आहे. त्याला मारायला पाण्याचा एक थेंब पुरतो, तरी त्याला मारणाऱ्या विश्वापेक्षा तो थोर, कारण आपण मरतो आहोत हे त्याला कळते आणि विश्वाला त्यातले काहीच कळत नाही.

लव्हाळ्याचा दाखला आपल्याकडेही आहे, पण वेगळ्या कामासाठी. महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती, असे आपण म्हणतो ते वाकायला शिकवण्यासाठी. पास्कलचे लव्हाळे वाचतेच असे नाही. त्याचे मोठेपण वाचण्यात नसून जाणण्यात आहे. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. जुलै-ऑगस्टात आपण सगळे राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर कान ठेवून असतो: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा ते दोन्ही आकडे मागे टाकून शहरात शिरली. नदीला त्यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. पण नदीकाठच्या गल्लीतली एखादी बाई रात्री अकरा वाजता दारात उभी राहून हिशेब करत असते: राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, ते पाणी इथवर यायला किती तास, गेल्या पुराची ओल भिंतीवर कुठवर होती, दर तासाला किती इंच चढते आहे, आधी गॅसची टाकी माळ्यावर न्यायची की सासूबाईंना माहेरच्या घरी पोचवायचे. मोजमाप आहे, स्मरण आहे, अर्धवट माहिती आहे, आणि तेवढ्यावर आज रात्रीच घ्यायचा निर्णय आहे. तिला कोणी विचारले, तर ‘अंदाज केला’ एवढेच ती म्हणेल. आपल्या दहावीच्या अभ्यासक्रमातली किती तरी प्रकरणे त्या अंदाजात आहेत, आणि त्यासाठी तिला कोणी गुण दिलेले नाहीत.

पास्कलच्या नोंदींबद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १६६२ साली तो गेला, तेव्हा त्या नोंदी म्हणजे पुस्तक नव्हते. मोठ्या कागदांवर लिहायचे, मग पट्ट्या कापायच्या आणि विषयवार दोऱ्यात ओवून ठेवायच्या, अशी त्याची रीत होती. कित्येक पट्ट्या तर ओवायच्याही राहिल्या होत्या. १६७० साली इतरांनी त्यातून पुस्तक छापले. विचार हेच माणसाचे मोठेपण, हे ज्या वाक्यांत सांगितले आहे, ती वाक्ये त्याच्या उजव्या पट्टीतलीच आहेत. त्याला खोडरबर हाताशी ठेवायची आपल्यासारखी सवय असती, तर काय उरले असते कोण जाणे.

आपल्याकडचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. श्रीनिवास रामानुजन यांना तरुणपणी कागद परवडत नसे. ते पाटीवर आकडेमोड करत, कोपराने पाटी पुसत आणि निघालेले उत्तर तेवढे वहीत उतरवत. त्या वह्यांत तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत, आणि बहुतेकांची सिद्धता तिथे नाही. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने त्या वह्यांतला एकेक निष्कर्ष सिद्ध करत १९८५ ते १९९८ या काळात पाच खंड प्रसिद्ध केले. निष्कर्ष कसे सिद्ध करता येतात, हे आता जगाला कळले आहे. रामानुजन स्वतः त्यांच्यापर्यंत कसे पोचले, हे पाटीबरोबर पुसले गेले. त्यांची अडचण गरिबीची होती. आपल्या मुलांपाशी कागद आहे, तरी आपण त्यांना कोपर वापरायला लावतो.

कागदाची गरज का पडते, हेही सांगायला हवे, कारण हुशार मुलाला कच्चे काम लागत नाही, असा एक समज आपल्या शिक्षक खोल्यांत पक्का आहे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले, की माणूस एका वेळी साधारण सात सुट्या गोष्टी मनात धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त. पुढच्या संशोधनाने हा आकडा चारच्या आसपास आणून ठेवला. म्हणजे मनाची ओंजळ सगळ्यांचीच लहान आहे. सदतीस गुणिले अठ्ठेचाळीस तोंडी करायला सांगा: सदतीसची पन्नास पट साडेअठराशे, त्यातून सदतीस दुणे चौऱ्याहत्तर वजा, सतराशे शहात्तर. ज्याला ही वाट सुचते त्याच्या ओंजळीत एका वेळी दोन-तीनच आकडे असतात. ज्याला सुचत नाही त्याची ओंजळ भरून वाहते आणि हातचे सांडतात. कागद ही त्या ओंजळीखाली धरलेली परात आहे. (पाढे आणि पावकी-निमकी पाठ करणे म्हणजे विचाराचा शत्रू, असे म्हणण्याची जी नवी पद्धत पडली आहे, तिच्याशी मी सहमत नाही. सदतीस दुणे किती हे ज्याला आठवावे लागते, त्याला पन्नास पटीची वाट सुचायला मनात जागाच उरत नाही.)

आता मोबाइलकडे येतो. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट, कारणांसकट, सुबक उत्तर हातात पडते, हे आपण सगळे जाणतो. काही शिक्षकांचे पेपरही तिथूनच निघतात, त्यावर अधिक बोलत नाही. यंत्र विचार करते की नाही, या वादात मला पडायचे नाही. पास्कलने आपल्या यंत्राविषयी नोंद करून ठेवली आहे, की त्याचे काम प्राण्यांच्या कोणत्याही कृतीपेक्षा विचाराच्या अधिक जवळ जाते, पण त्याला इच्छा आहे असे म्हणावे, असे काही ते करत नाही. दातेरी चाकांकडे पाहून हे लिहिणाऱ्या माणसाला मी आज तरी काही शिकवू शकत नाही. मला दिसते ते एवढेच, की यंत्राने चढलेल्या पायऱ्यांनी मुलाच्या पायात बळ येत नाही. आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर स्वच्छ पायऱ्या हा आजवर आपला पुरावा होता: पायऱ्या आहेत, म्हणजे मुलाला समजले आहे. तो पुरावा आता राहिलेला नाही. मुलाचे स्वतःचे असे जे कागदावर उरते, ते त्याच्या खाडाखोडीतच उरते. तिथे तो कुठे वळला, कुठे घाबरला, कुठे त्याला एकदम दिसले, हे अजून वाचता येते.

त्या मुलाचे वडील गुळव्या होते, हे मला नंतर कळले. हंगामात एकदा मी वर्गाला त्यांच्या गुऱ्हाळावर घेऊन गेलो. चुलवाणात चिपाडे ढकलली जात होती, काहिलीत रस उकळत होता, भेंडीचा चिकट रस घालून वर आणलेली मळी झाऱ्याने काढून टाकली जात होती. पाक कधी उतरवायचा हे तुम्हाला कसे कळते, असे मी त्यांना विचारले. “दिसतंय की,” ते म्हणाले. मुले हसली. मग मी पुन्हा विचारले, काय दिसते? त्यावर ते अर्धा तास बोलले. फुगे आधी मोठे आणि सैल येतात, मग लहान आणि जड होतात. उलथन्याचा आवाज बदलतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की त्याची गोळी वळावी लागते आणि ती बोटांत दाबून बघावी लागते. ऊस खारट जमिनीतला असेल तर गोळी फसवते. शेवटचे पाणी उशिरा दिलेल्या उसाला वेगळे बघावे लागते. तापमापकाने हा क्षण सुमारे ११८ अंशांवर येतो, असे पुस्तके सांगतात. गुळव्याच्या हाताशी तापमापक नव्हता, आणि क्षण चुकला तर ढेप बसत नाही, अख्ख्या काहिलीचे नुकसान होते. परतताना तो मुलगा मला म्हणाला, “सर, बाबा एवढं बोलत्यात हे मला म्हाईतच नव्हतं.”

हे सांगण्याचे कारण असे, की माझ्या विनंतीतला एक दोष मला इथे दिसतो. सगळाच विचार कागदावर उतरत नाही. गुळव्याचा विचार बोटांत आणि कानांत आहे, आणि त्याला कोणी विचारेपर्यंत तो त्याच्या स्वतःच्या मुलालाही दिसलेला नव्हता. म्हणून उजवी पट्टी वाचा म्हणतो, तेव्हा तिच्यात काहीच नसेल तर मुलाला विचारा, असेही म्हणतो. मी तंबी देण्यासाठी विचारले, तरी मला टिंबे सापडली. नीट विचारले असते, तर ते गिरवलेले वाक्यही कदाचित सापडले असते.

आपले आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते मीच तीस वर्षे घेत आलो. एका वर्गात साठ-सत्तर मुले, तीन-चार तुकड्या, एका परीक्षेचे दोन-अडीचशे पेपर, त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे. पट्टी वाचायला वेळ कुठला? सगळ्या पेपरांची वाचू नका. प्रत्येक गठ्ठ्यातले दहा पेपर उचला, तेही पहिल्या नंबरांचे नकोत. ज्यांचे उत्तर चुकले आहे किंवा ज्यांनी पायऱ्या गाळल्या आहेत, त्यांचे उचला. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: कच्च्या कामाला गुण दिले की मुले कच्चे कामही पाठ करून येतील, आणि शिकवण्यांमधून ‘आदर्श कच्चे काम’ छापून मिळेल. हे नक्की होईल. म्हणून त्याला गुण देऊ नका. शाळेने ज्याला गुण दिले, त्याची वाट लागायला फार वेळ लागत नाही, हे आपण कार्यानुभवाच्या बाबतीत पाहिले आहे. फक्त लाल पेनाने तिथे एखादा शब्द लिहा: ‘इथपर्यंत बरोबर’, ‘ही वाट चांगली होती, का सोडलीस?’, ‘हे कुठून सुचले?’ आपण लिहून काढलेला गोंधळ कोणीतरी वाचतो, हे मुलाला कळले की पुरे.

शाहू महाराजांचे नाव घेतल्याशिवाय कोल्हापुरात शिक्षणावरचे भाषण संपत नाही, आणि म्हणूनच ते घ्यायला मला संकोच वाटतो. पण १९०१ पासून या गावात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला, त्यामागे एक गृहीत होते आणि ते त्या काळी अनेकांना मान्य नव्हते: डोके चालवणे हा काही घराण्यांचा मक्ता नाही, ते कोणत्याही घरात चालते, त्याला जागा आणि वेळ मिळाला पाहिजे. त्यांनी अख्ख्या इमारती दिल्या. मी दोन इंचांची पट्टी मागतो आहे.

प्रत्यक्षात काय करावे, ते सांगून थांबतो. येत्या घटक चाचणीत गणिताच्या पेपरपुरते खोडरबर दप्तरात ठेवायला सांगावे. चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे जावे, म्हणजे खालचे वाचता येते. उत्तरपत्रिकेवरच्या सूचनांत ‘खाडाखोड करू नये’ असे छापले असेल, तर ते उजव्या पट्टीला लागू नाही, एवढे वर्गात तोंडी सांगावे. पट्टी दोन इंचांहून कमी नसावी. मुले ती बोटभर ठेवतात आणि मग हातावर आकडेमोड करतात. तपासून झालेल्या गठ्ठ्यांतले, आपल्याला वेगळे वाटलेले चार-सहा पेपर रद्दीत न घालता बाजूला काढावेत आणि वर्षातून एकदा तालुक्यातल्या गणित शिक्षकांनी एकत्र बसून ते बघावेत. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो आणि चहाचा खर्च माझ्याकडे.

त्या मुलाचा पेपर माझ्यापाशी नाही. नियमाप्रमाणे मुदत संपल्यावर तो गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेला. टिंबांची आकृती मी आठवणीने माझ्या वहीत काढून ठेवली आहे, पण सोळाच्या चौकोनाखाली त्याने काय लिहिले होते, ती जागा तिथे कोरीच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर